नखाचीसुद्धा तपासणी असते



वर्षावासात आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. पायरीवर चपला काढायच्या, पाय धुवायचे आणि आत चटईवर बसायचे. मी अनेक वर्षे नर्सचे काम केले, त्यामुळे माझी नजर आधी पायांकडे जाते. आवणीचे दिवस नुकतेच संपलेले असतात. कुणाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या, कुणाच्या टाचांना भेगा, कुणाचा अंगठा काळा पडलेला. काही बायका बसताना साडीच्या काठाखाली पाय ओढून घेतात. ते थंडीने नसते, लाजेने असते.

गेल्या पावसाळ्यात वाचन संपल्यावर एका मावशीने मला बाजूला घेतले आणि उजव्या पायाचा अंगठा दाखवला. नख पिवळे, जाड झालेले, टोकाला भुसा निघत होता. मावशी म्हणाली, "दोन वर्षं झाली गं. तीन मलमं झाली. आता मेडिकलवाल्यानं तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्यात. घेऊ का?"

मी विचारले, "मावशी, नखाची तपासणी केलीस का?"

ती हसली. "रक्ताची असते, लघवीची असते. नखाची पण असते?"

असते. या वेळचे पान त्यासाठीच आहे. नखाचा तुकडा लॅबमध्ये जातो तेव्हा त्याचे काय करतात, रिपोर्ट यायला महिना का लागतो, आणि तपासणीशिवाय गोळ्या का घेऊ नयेत, ते सगळे सांगते.

नख खराब म्हणजे बुरशीच, असे नाही

आपल्याकडे नख पिवळे पडले, जाड झाले की "नख सडले" म्हणतात आणि बुरशीचे औषध सुरू होते. खरे तर बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मी नखेच बुरशीने बिघडलेली असतात. बाकीच्यांची कारणे वेगळी असतात.

सोरायसिस या त्वचेच्या आजारात नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख सुटते आणि पिवळे दिसते. रोहा-धाटावच्या एमआयडीसीत दिवसभर गमबूट किंवा सेफ्टी शूज घालून उभे राहणाऱ्यांच्या अंगठ्यावर बुटाचा सतत दाब पडतो. त्यानेही नख जाड आणि वाकडे होते, खाली रक्त साकळून काळे दिसते. हात कायम ओले असतील तर एक प्रकारचे जिवाणू नखाखाली वाढतात आणि नख हिरवट होते. रक्त कमी असलेल्या बाईचे नख पातळ होऊन चमच्यासारखे खोलगट होते. तिला लोहाची गरज असते, बुरशीच्या गोळीची नाही. आणि नखात काळी उभी रेघ उमटून ती रुंद होत चालली असेल तर उशीर न करता डॉक्टरांना दाखवावे. क्वचित तो त्वचेचा कर्करोग असू शकतो.

या सगळ्यांवर बुरशीची गोळी दिली तर उपयोग शून्य. पण गोळीचे ओझे यकृतावर पडायचे ते पडतेच, आणि पैसेही जातात.

बुरशी म्हटली तरी ती एका जातीची नसते. पायाच्या नखात बहुतेक वेळा गजकर्ण करणाऱ्या जातीची बुरशी असते. नख ज्या कठीण पदार्थाचे बनलेले असते त्याला केराटिन म्हणतात, केस आणि जनावराचे खूरही त्याचेच. ही बुरशी ते केराटिनच खाते. हाताच्या नखात, विशेषतः ज्यांचे हात सतत पाण्यात असतात त्यांच्या नखात, कॅन्डिडा नावाची यीस्टच्या जातीची बुरशी अनेकदा सापडते. तिसरा प्रकार मातीत आणि हवेत असणाऱ्या साध्या बुरशीचा. आधीच दुखावलेल्या नखात ती शिरते.

हा फरक नुसता पुस्तकातला नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करणारी एक ताई मला भेटली. शाडूची माती मळायची, ओल्या फडक्याने मूर्ती पुसायची, हात दिवसभर ओले. तिच्या तीन बोटांची नखे मुळापाशी सुजली होती आणि बाजूने सुटली होती. तिने दुकानातून टर्बिनाफिनच्या गोळ्या आणून दोन महिने घेतल्या, फरक पडला नाही. तपासणीत यीस्ट निघाली. टर्बिनाफिन गजकर्णाच्या बुरशीवर चांगले चालते, कॅन्डिडावर त्याचा जोर कमी पडतो. तिला दुसरे औषध लागले, आणि हात कोरडे ठेवण्याची व्यवस्था लागली. दोन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे मात्र तिने हंगामाच्या मजुरीतून दिले होते.

माझ्या हातून झालेली चूक

तपासणीचे सांगण्याआधी माझी एक चूक सांगते, कारण नमुना नीट घेणे किती महत्त्वाचे आहे ते मला तिच्यातून कळले.

मी तेव्हा एका छोट्या खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. रोहा तालुक्यातले एक काका यायचे. भातशेतीवर मजुरी करायचे, साखरेचा त्रास होता. डाव्या अंगठ्याचे नख जाड होऊन वर उचलले गेले होते. डॉक्टरांनी सांगितले, नख कापून कल्चरला पाठव. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा लॅबला पाठवताना आम्ही तो फॉरमॅलिनमध्ये ठेवायचो. मला वाटले, नखही तसेच ठेवायचे. मी तुकडे फॉरमॅलिनच्या बाटलीत टाकले. पाठवताना गळू नये म्हणून औषध ओतून दिले आणि ओले तुकडे तसेच पाठवले. लॅबनेही वासावरून ओळखायला हवे होते, पण पहिली चूक माझी.

चार आठवड्यांनी रिपोर्ट आला की बुरशी वाढली नाही. वाढणार कशी? फॉरमॅलिन जंतू मारते. मेलेली बुरशी उगवत नाही. डॉक्टरांनी रिपोर्टवर विश्वास ठेवला आणि बुरशीचा विषय बंद केला. पुढच्या पावसात काकांच्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या, त्यातून जंतू शिरले आणि पाय पोटरीपर्यंत लाल होऊन सुजला. ते अकरा दिवस अॅडमिट होते. पाय वाचला, पण आवणीची सगळी मजुरी बुडाली.

पुढे एका लॅब टेक्निशियनकडून मला माझी चूक कळली. मी काकांच्या घरी जाऊन ती सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाय, तू सांगितलंस हे बरं केलंस. आता दुसऱ्यांना पण सांग." तेव्हापासून सांगत आले आहे.

नमुना कसा घेतात

नमुना चुकला तर पुढची सगळी तपासणी चुकते. म्हणून हा भाग नीट वाचा, नखाचा नमुना द्यायला जाल तेव्हा उपयोगी पडेल.

बुरशीचे मलम किंवा गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. औषध चालू असताना नमुना दिला तर बुरशी आत असूनही कल्चरमध्ये उगवत नाही. म्हणून मलम साधारण दोन ते चार आठवडे आधी थांबवायला सांगतात. गोळ्या घेतल्या असतील तर त्याहून जास्त थांबावे लागते. किती, ते डॉक्टर ठरवतील. नेलपॉलिश काढून जा. नखावर मेहंदी लावू नका, तिचा रंग नखाचा खरा रंग झाकतो. आणि जाण्याआधी घरी नख अगदी खोल कापू नका. टेक्निशियनला कापायला काही उरले पाहिजे.

तिथे गेल्यावर नख आणि आजूबाजूची जागा स्पिरिटने पुसतात. वरचे जिवाणू आणि धूळ निघून जावी म्हणून. मग नखाचे पुढचे टोक कापतात. हे टोक सर्वांत वाईट दिसते, पण तिथली बुरशी बरेचदा मेलेली असते आणि त्यावर मातीतले दुसरे जंतू बसलेले असतात. म्हणून ते फारसे कामाचे नाही. खरी जिवंत बुरशी आत असते, जिथे खराब नख संपते आणि चांगले नख सुरू होते त्या सीमेवर. म्हणून नख शक्य तितके मागपर्यंत कापतात, आणि नखाखाली साठलेला भुसा छोट्या धारदार हत्याराने खरवडून घेतात. हा भुसा सर्वांत मोलाचा. नख नुसते वरून पांढरे, खडूसारखे झाले असेल तर वरचा थर खरवडतात. मुळापाशी सूज असेल तर तिथून नमुना घेतात.

थोडे ओढल्यासारखे वाटते, पण जास्त दुखू नये. साखर असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर आधीच सांगा, म्हणजे जखम होणार नाही याची काळजी घेतील.

नमुना भरपूर हवा. नखाचा एक नखभर तुकडा पाठवून चालत नाही, कारण त्याचे दोन-तीन भाग करायचे असतात. तो कोरड्या, स्वच्छ कागदाच्या पुडीत किंवा कोरड्या डबीत ठेवतात. काळा कागद असेल तर पांढरा भुसा त्यावर चांगला दिसतो. पाणी नाही, सलाईन नाही, ओला कापूस नाही, आणि कल्चरसाठी फॉरमॅलिन तर अजिबात नाही. फ्रीजमध्येही ठेवायचा नसतो. ओलसर बंद बाटलीत जिवाणू माजतात आणि बुरशीला दाबून टाकतात. कोरडा नमुना मात्र काही दिवस टिकतो, म्हणून तो पेणहून मुंबईला पाठवता येतो.

पहिली पायरी : मायक्रोस्कोप

लॅबमध्ये नखाचे बारीक तुकडे करतात. थोडा भाग काचेच्या पट्टीवर किंवा नळीत घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालतात. रिपोर्टवर त्याला केओएच म्हणतात. हे द्रावण दाहक असते. ते नखाचे केराटिन मऊ करून विरघळवते. बुरशीच्या पेशीची भिंत वेगळ्या पदार्थाची असते, ती तशीच राहते. म्हणजे चिकणमाती पाण्यात विरून जावी आणि आतली मुळे उघडी पडावीत, तसे होते.

कातडीचा पापुद्रा या द्रावणात थोड्या वेळात विरघळतो. नख कठीण असल्याने २० ते ४० टक्क्यांचे जास्त तीव्र द्रावण लागते आणि काही तास, कधी रात्रभर ठेवावे लागते. घाई केली तर नख अर्धवट विरघळते आणि आतले दिसत नाही. "नखाचा रिपोर्ट उद्या या" असे सांगितले तर टेक्निशियनवर चिडू नका. तो काम नीट करतो आहे.

मग मायक्रोस्कोपखाली आधी १०० पट, नंतर ४०० पट मोठे करून पाहतात. बुरशी असेल तर लांब, फांद्या फुटलेले धागे दिसतात, मध्ये मध्ये बांबूच्या पेरांसारखे पडदे असतात. कधी हे धागे तुटून मण्यांची माळ झालेली दिसते. यीस्ट असेल तर गोल, लंबगोल कण आणि त्यांना बाजूने फुटलेली कळी दिसते. नवख्या माणसाला मोज्याचा दोरा, हवेचा बुडबुडा किंवा मलमाचा तेलकट थेंबही बुरशीसारखा वाटू शकतो, म्हणून शिकलेला डोळा लागतो. काही मोठ्या लॅबमध्ये बुरशीला चिकटून चमकणारा रंग वापरतात. खास दिव्याखाली बुरशी उजळते आणि शोधणे सोपे होते.

या तपासणीचा फायदा असा की ती स्वस्त आहे आणि उत्तर लवकर मिळते. मर्यादा अशी की बुरशी आहे एवढे कळते, पण नेमकी कोणती आणि ती जिवंत आहे की नाही, हे कळत नाही. नमुना कमी असेल तर बुरशी असूनही दिसत नाही.

दुसरी पायरी : कल्चर, म्हणजे बुरशी उगवणे

शिळ्या पावाला पावसाळ्यात बुरशी येते, ती आपण फेकतो. लॅबमध्ये उलट, बुरशीला मुद्दाम खाऊ घालतात. हे खाद्य म्हणजे साबुरो आगर. रेमंड साबुरो हे फ्रान्सचे त्वचारोगतज्ज्ञ होते, त्यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्यात साखर आणि प्रथिनांचा अर्क असतो, आणि तो घट्ट करायला आगर घालतात. आगर म्हणजे समुद्री शेवाळापासून होणारे चायनाग्रास, ज्याचा आपण घरी हलवा करतो.

नखावर जिवाणूही असतात आणि ते बुरशीपेक्षा फार भराभर वाढतात. त्यांना रोखायला खाद्यात अँटिबायोटिक घालतात. हवेतल्या साध्या बुरशीला रोखणारे आणखी एक औषधही असते. ते घातलेली एक बाटली आणि न घातलेली एक, अशा दोन बाटल्यांत नखाचे तुकडे लावतात. पहिल्या बाटलीत गजकर्णाची बुरशी निवांत वाढते. दुसरीत साधी बुरशी आणि काही यीस्ट यांनाही संधी मिळते, कारण कधी कधी खरा गुन्हेगार तीच असते.

बाटल्या २५ ते ३० अंश तापमानात ठेवतात. यीस्ट काही दिवसांत दिसते. गजकर्णाची बुरशी सावकाश वाढते, म्हणून चार आठवडे वाट पाहतात. "उगवले नाही" असे त्याआधी लिहीत नाहीत. कल्चरचा रिपोर्ट महिन्याने मिळण्याचे कारण हे आहे.

पायाच्या नखात सर्वांत जास्त सापडणाऱ्या बुरशीचे नाव ट्रायकोफायटॉन रुब्रम. ती वरून पांढऱ्या कापसासारखी दिसते आणि बाटली उलटी करून पाहिली तर मागून कोकमाच्या आगळासारखा गडद लाल रंग दिसतो. उगवलेल्या बुरशीचा कण काचपट्टीवर घेऊन निळा रंग घालतात आणि पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहतात. धाग्याच्या दोन्ही बाजूंना थेंबासारखे बारीक बीजकण लागलेले दिसले की ओळख पटत जाते. तिच्या जवळच्या जातीपासून वेगळे करायला आणखी एक चाचणी असते, त्यात बुरशीमुळे खाद्याचा रंग गुलाबी होतो का ते पाहतात.

तिसरी तपासणी काही ठिकाणी होते. नखाचा तुकडा पॅथॉलॉजीत पाठवतात, त्याचे पातळ काप करून पीएएस नावाचा रंग देतात. बुरशी गडद गुलाबी दिसते. केओएच आणि कल्चरमध्ये सुटलेली बुरशी यात बरेचदा सापडते, पण जात कळत नाही. या तपासणीसाठी फॉरमॅलिन चालते. म्हणून एक भाग कोरडा आणि दुसरा फॉरमॅलिनमध्ये, अशा दोन वेगळ्या डब्या लागतात. मी हेच गोंधळले होते. मोठ्या शहरांत पीसीआरही होते, ते महाग पडते.

रिपोर्ट कसा वाचायचा

केओएच पॉझिटिव्ह आणि कल्चरमध्ये गजकर्णाची बुरशी, म्हणजे निदान पक्के.

केओएच पॉझिटिव्ह पण कल्चर निगेटिव्ह, हे बरेचदा होते. बुरशी दिसली पण उगवली नाही. ती मेलेली असेल, किंवा मलम चालू असेल. "रिपोर्ट चुकला" असे समजू नका. बहुतेक वेळा डॉक्टर बुरशी धरून उपचार करतात किंवा पुन्हा नमुना मागतात.

दोन्ही निगेटिव्ह आणि नख मात्र बुरशीसारखेच दिसते, तर पुन्हा एकदा नमुना देण्याबद्दल विचारा. एका निगेटिव्ह रिपोर्टवर विषय संपवू नये. काकांच्या बाबतीत तेच झाले होते.

कल्चरमध्ये ॲस्परजिलससारखी हवेतली बुरशी आली, तर ती नखातली की बाटलीत उडून आलेली, हे एका रिपोर्टवरून सांगता येत नाही. दुसऱ्या वेळच्या नमुन्यातही तीच आली तरच तिला दोष देतात.

गोळी सुरू करण्याआधी

पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन साधारण १२ आठवडे देतात, हाताच्या नखासाठी सहा. त्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. कावीळ होऊन गेली असेल, दारूची सवय असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना सांगाच. इट्राकोनॅझोल हे दुसरे औषध हृदय कमजोर असलेल्यांना देत नाहीत, आणि इतर अनेक गोळ्यांशी त्याचे पटत नाही. बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. गोळ्या चालू असताना भूक मेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. नख थोडेसेच बिघडले असेल तर नखावर लावायच्या औषधानेही काम होऊ शकते.

आणि धीर ठेवा. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. पायाच्या अंगठ्याचे पूर्ण नख नवे यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. गोळ्या संपल्या तरी नख वाईट दिसते, म्हणून लोक परत गोळ्या घेतात. बुरशी मेली असली तरी खराब नख आपोआप चांगले होत नाही, ते पुढे सरकत कापले जाते. मुळाकडून स्वच्छ नख येते आहे का, ते पाहायचे.

अंदाजाने औषध घेण्याचा तोटा फक्त एका माणसापुरता राहत नाही. आपल्या देशात गेली काही वर्षे गजकर्ण हट्टी झाले आहे, टर्बिनाफिनला दाद देत नाही. त्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले गेले, आणि २०२३ साली ती अमेरिकेत न्यूयॉर्कलाही सापडली. स्टेरॉइड मिसळलेली मलमे वाटेल तशी लावणे आणि औषध अर्धवट सोडणे यांचा यात हात आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी दुकानात ट्यूब मागितली की मिळते. तुम्ही मागू नका.

पेण-रोह्यात काय करायचे

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेण, रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात केसपेपर काढा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "नखाची केओएच तपासणी इथे होईल का? नसेल तर चिठ्ठी कुठली द्याल?" अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे दोन्ही विभाग असतात. मुंबईला जे. जे. रुग्णालय आहे. खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर आधी दर विचारा आणि बुरशीचे कल्चर तिथेच करतात की बाहेर पाठवतात तेही विचारा.

एक गोष्ट आपल्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी लक्षात घ्यावी. जिथे क्षयरोगासाठी थुंकी आणि मलेरियासाठी रक्त तपासतात, तिथे मायक्रोस्कोप आणि टेक्निशियन असतो. केओएच तपासणीला त्यावर फार काही लागत नाही, एक स्वस्त द्रावण आणि थोडे प्रशिक्षण. आवणी करणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या, गटारे साफ करणाऱ्या आणि गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या तालुक्यात ही तपासणी जवळच व्हायला हवी. तसा अर्ज रुग्ण कल्याण समितीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी मागणी हवेत विरते.

घरी काय सांभाळायचे

चिखल्यांवर वेळीच उपचार करा, कारण बुरशी बेचक्यातून नखात जाते. शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी पुसा. बूट उन्हात वाळवा, मोजे रोज बदला, शक्यतो सुती वापरा. नेलकटर घरात एकच असेल तर खराब नख शेवटी कापा आणि नंतर तो साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. घरात कुणाला गजकर्ण असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करा, नाहीतर ते फिरत राहते. ओले काम करताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाला.

नखावर बिब्बा, चुना किंवा बॅटरीचे ॲसिड लावू नका. कातडी भाजते. ब्लेडने नख कोरू नका. साखर असलेल्यांनी तर पायाशी कोणताही प्रयोग करू नये. त्यांनी रोज रात्री दोन्ही पाय बघावेत, तळवा दिसत नसेल तर घरातल्या कुणाला बघायला सांगावे.

मावशीचे काय झाले, तेही सांगते. तिने गोळ्यांचे पाकीट उघडले नाही. पहिल्या तपासणीत काही दिसले नाही, कारण मलम आदल्या दिवशीपर्यंत चालू होते. मलम महिनाभर थांबवून पुन्हा नमुना दिला, तेव्हा मायक्रोस्कोपखाली धागे दिसले आणि कल्चरमध्ये गजकर्णाची बुरशी उगवली. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासले. यकृत ठीक निघाले, पण साखर वाढलेली सापडली. तिला साखर आहे हे कुणालाच माहीत नव्हते. आता साखरेची गोळी चालू आहे, बुरशीची तीन महिन्यांची पूर्ण झाली, आणि अंगठ्याच्या मुळाशी चांगले नख यायला लागले आहे. अजून बरेच महिने जायचे आहेत.

परवा विहारात ती पाय न लपवता बसली होती. शेजारची एक बाई तिला नख दाखवत होती आणि मावशी तिला सांगत होती, "आधी तपासून घे. नखाची पण तपासणी असते."